लंडनमध्ये मांडलेला हिंदुस्थानचा हिशेब

मुंबईत बोरीबंदरकडून फ्लोरा फाउंटनकडे जाणारा रस्ता एकेकाळी हॉर्नबी रोड या नावाने ओळखला जाई. आज त्याला दादाभाई नौरोजींचे नाव आहे आणि रस्त्याच्या टोकाशी त्यांचा पुतळाही आहे. त्या रस्त्याने रोज कचेरी गाठणाऱ्या हजारो माणसांच्या लेखी दादाभाई म्हणजे काँग्रेसच्या आरंभकाळातील एक वयोवृद्ध पुढारी, हिंदुस्थानचे पितामह. आदराच्या पदव्यांचे एक वैगुण्य असते. पदवी लक्षात राहते आणि ती ज्या कामामुळे मिळाली ते काम विस्मृतीत जाते. दादाभाईंच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. त्यांचे खरे काम सभामंडपात झाले नाही. ते लंडनच्या थंड खोल्यांत, सरकारी अहवालांच्या ढिगाऱ्यात आणि आकड्यांच्या रकान्यांत झाले. आयुष्यातील तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी परदेशात काढला, आणि त्या सर्व काळात एकच प्रश्न ते विचारीत राहिले. हिंदुस्थानातील सामान्य माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी येते तरी किती?

परदेशात राहून स्वदेशाच्या दारिद्र्याविषयी बोलणाऱ्या माणसाकडे दोन्हीकडचे लोक संशयाने पाहतात. राज्यकर्ते विचारतात, याला लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणी दिला? घरचे लोक विचारतात, सुखात बसलेल्याला आमच्या हालांची कल्पना काय? दादाभाईंना हे दोन्ही प्रश्न सोसावे लागले. परंतु त्यांनी जे पाहिले ते लंडनमध्ये राहिल्यामुळेच त्यांना दिसले, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत उपेक्षित गोष्ट होय.

ऋणाची जाणीव

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी पुरोहित कुटुंबात झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाई निरक्षर होती. पण मुलाला शिकविण्याचा तिचा निर्धार पक्का होता. त्या काळी एतद्देशीय मुलांसाठी निघालेल्या शाळेत फी घेतली जात नसे. फी असती तर दादाभाईंचे शिक्षण तेथेच संपले असते. लोकांच्या पैशावर आपण शिकलो, तेव्हा आपल्याजवळ जे उत्तम आहे ते लोकांना परत केले पाहिजे, ही भावना त्यांच्या मनात तेव्हाच रुजली. पुढे त्यांनी एका साम्राज्याचा जमाखर्च तपासला. पण सुरुवात स्वतःच्या देण्याच्या नोंदीने झाली होती.

एल्फिन्स्टन संस्थेतील हा हुशार विद्यार्थी १८४५ साली इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर व्हायचा. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी निम्मा खर्च देऊ केला होता. उरलेला निम्मा पारशी शेठियांनी द्यायचा होता. पण काही वर्षांपूर्वी दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याची जखम ताजी होती. मुलगा विलायतेत बाटेल या भीतीने बेत बारगळला. दादाभाई एल्फिन्स्टनमध्येच शिक्षक झाले आणि दशकभरातच गणित व सृष्टिविज्ञान या विषयांचे प्राध्यापक झाले. याच काळात सहकाऱ्यांसह त्यांनी १८४९ मध्ये मराठी व गुजराती मुलींसाठी शाळा उघडल्या, १८५१ मध्ये ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र काढले आणि १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनच्या कामात भाग घेतला. गणिताच्या प्राध्यापकाचा अचूकपणा आणि वृत्तपत्रकाराची तळमळ, या दोन गोष्टी पुढे आयुष्यभर त्यांच्याजवळ राहिल्या.

१८५५ साली ते लंडनला गेले ते कामा आणि कंपनी या पहिल्या हिंदी व्यापारी पेढीचे भागीदार म्हणून. तीन वर्षांतच त्यांनी भागीदारी सोडली. पेढी अफू आणि मद्याचा व्यापार करीत होती, आणि त्या नफ्यातील वाटा घेणे त्यांच्या मनाला पटेना. १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची कापसाची पेढी काढली. व्यापार चालू असतानाच युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ते गुजरातीचे प्राध्यापक होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले आणि मुंबईपासून लिव्हरपूलपर्यंत अनेक पेढ्या कोसळल्या. त्यांत दादाभाईंची पेढीही सापडली. त्यांच्या सचोटीची धनकोंनीही कदर केली, एवढेच समाधान त्यांना लाभले.

ओघ जेथे पोचतो ते ठिकाण

ज्या वर्षी ते व्यापारात बुडाले, त्याच १८६६ साली ओरिसात भीषण दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली. त्याच वर्षी दादाभाईंनी लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनची स्थापना केली. निवृत्त इंग्रज अधिकारी, पार्लमेंटचे सभासद आणि लंडनमधील हिंदी मंडळी तेथे एकत्र बसत. २ मे १८६७ रोजी या सभेपुढे त्यांनी एक निबंध वाचला. इंग्लंड हिंदुस्थानचे किती देणे लागते, हा त्याचा विषय होता. हिंदुस्थानात गोळा होणाऱ्या महसुलाचा जवळजवळ चौथा हिस्सा देशाबाहेर निघून जातो आणि इंग्लंडच्या संपत्तीत भर घालतो, असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले.

हा विचार अगदीच नवा होता असे नव्हे. १८४१ मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रात लिहिलेल्या पत्रांतून इंग्रज राज्यातील लुटीवर बोट ठेवले होते. १८४३ मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीवर मराठीत पुस्तक लिहून तोच विषय मांडला होता. परंतु मुंबईत बसून पाहणाऱ्याला पैसा बंदरातून बाहेर जाताना दिसे. तो कोठे जातो, कोणाच्या खिशात पडतो आणि कोणत्या नावाने पडतो, हे दिसत नसे. दादाभाई बसले होते ते ओघ जेथे पोचतो त्या ठिकाणी. कर्जावरील व्याज, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेले पाच टक्के, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, लष्कराचा खर्च, लंडनमधील इंडिया ऑफिसचा संसार, या सर्वांची नोंद होम चार्जेस या एका निरुपद्रवी नावाखाली होत असे. १८६७ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला, तेव्हा त्याच्या सन्मानार्थ इंडिया ऑफिसात झालेल्या नाचाच्या मेजवानीचा खर्चदेखील हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. ओरिसातील मढी अजून विसरली गेली नव्हती.

दादाभाईंचा युक्तिवाद व्यापाऱ्याचा होता, आणि म्हणूनच लंडनमधील व्यापाऱ्यांना तो समजे. कोणताही देश माल निर्यात करतो, तेव्हा त्या मालाची किंमत आणि त्यावरचा नफा आयातीच्या रूपाने परत येतो. म्हणून भरभराटलेल्या देशाची आयात निर्यातीहून अधिक असते. इंग्लंडचे असेच होते. हिंदुस्थानचे उलट होते. निर्यात वर्षानुवर्षे अधिक आणि आयात कमी. सरकार या निर्यातीकडे बोट दाखवून भरभराटीचे गोडवे गाई. दादाभाईंनी दाखवून दिले की, नफा तर राहोच, निर्यात केलेल्या मालाची पुरती किंमतही देशाला परत मिळत नाही. जो आकडा वैभवाचा पुरावा म्हणून दाखविला जात होता, तोच दारिद्र्याचा पुरावा होता.

रेल्वेला त्यांचा विरोध नव्हता. परंतु इतर देशांत रेल्वेवर खर्चलेला पैसा, तीवरील मोठे पगार आणि व्याज हे बहुतांशी त्याच देशातील लोकांच्या हाती पडते. हिंदुस्थानात ते बाहेर जाते, हा फरक त्यांनी दाखविला. पैशाबरोबर आणखी एक गोष्ट बाहेर जाते, असेही ते सांगत. इंग्रज अधिकारी येथे तीस वर्षे कारभार करतो, अनुभव मिळवितो आणि पेन्शन घेऊन मायदेशी परततो. त्याच्याबरोबर त्याचे शहाणपणही जाते. प्रत्येक पिढीत देशातील वडीलधारी, जाणती माणसे देश सोडून जावीत, अशी ही अवस्था होती.

वीस रुपयांचे गणित

ओघाचा हिशेब झाला. पण जेथून ओघ निघतो तेथे उरते किती? सरकार या प्रश्नाचे उत्तर देत नव्हते, कारण तो प्रश्नच सरकारने विचारला नव्हता. दादाभाईंनी प्रांताप्रांतांचे प्रशासन अहवाल मागविले. लागवडीखालील जमीन किती, मुख्य पिके कोणती, एकरी उत्पन्न काय आणि भाव काय, हे जुळवीत ते गेले. तेथे त्यांच्यातील गणिताचा प्राध्यापक चपापला. सरकारी कारकून निरनिराळ्या जिल्ह्यांचे भाव आणि उत्पन्न यांची बेरीज करून तिला जिल्ह्यांच्या संख्येने भागीत आणि येईल ती सरासरी छापीत. एका जिल्ह्यात लाखो एकर निकस जमीन आणि दुसऱ्यात थोडीशी सुपीक बागाईत असेल, तर दोहोंना सारखे वजन देऊन काढलेली सरासरी सत्यापासून किती दूर जाईल, हे शाळकरी पोरालाही कळावे. साम्राज्याच्या कारभाराचा पाया असलेले आकडे अशा रीतीने तयार होत होते.

दादाभाईंनी चुका दुरुस्त केल्या, जेथे शंका आली तेथे सरकारला अनुकूल असाच आकडा धरला, शेतीबाहेरील उत्पन्नासाठी सढळ हाताने भर घातली आणि १८६७-६८ या बऱ्या पिकाच्या वर्षासाठी उत्तर काढले. एकूण उत्पन्न सुमारे ३४ कोटी पौंड, लोकसंख्या १७ कोटी. म्हणजे माणशी वर्षाला दोन पौंड, त्या वेळच्या भावाने २० रुपये.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. माणसाला जगण्यासाठी लागते किती, हेही पाहिले पाहिजे असे त्यांनी ठरविले. त्यासाठी त्यांनी पुन्हा सरकारचेच कागद काढले. परदेशी मळ्यांवर पाठविल्या जाणाऱ्या मजुरांना जहाजावर कोणते अन्न द्यावे, याचे प्रमाण कलकत्त्याच्या सरकारी डॉक्टराने ठरवून दिले होते. तांदूळ किंवा पीठ, डाळ, थोडे मांस, तूप-तेल, भाजी आणि मीठ, एवढाच तो शिधा होता. प्रांताप्रांतांच्या भावांप्रमाणे अशा निर्वाहाचा खर्च वर्षाला १६ ते ३५ रुपये येत होता. तुरुंगातील कैद्यांच्या अन्नवस्त्राचे आकडेही त्यांनी तपासले. निष्कर्ष असा निघाला की, सरकार गुन्हेगाराला जेवढे खाऊ घालते तेवढेदेखील रयतेच्या वाट्याला सुकाळाच्या वर्षी जेमतेम येते. शिवाय ही झाली सरासरी. तीतून जमीनदाराचा, सावकाराचा आणि सरकारचा वाटा वजा केल्यावर मजुराच्या ताटात काय उरत असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

दारिद्र्यरेषा हा शब्द आज राजकारणात आणि वृत्तपत्रांत रोज वापरला जातो. ती रेषा हिंदुस्थानात प्रथम ओढली ती दादाभाईंनी. पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यांच्या आकड्यांतील उणिवा दाखविल्या आहेत, आणि त्या त्यांत होत्याही. परंतु एक गोष्ट त्यांनी कायमची बदलली. त्यांच्यापूर्वी हिंदुस्थानचे दारिद्र्य हा दयेचा किंवा दैवाचा विषय होता. त्यांच्यानंतर तो हिशेबाचा विषय झाला. आणि हिशेब म्हटला की जाब विचारता येतो.

कागद दप्तरात, दुष्काळ दारात

प्राध्यापक हेन्री फॉसेट हे अंध असूनही पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू तळमळीने मांडणारे गृहस्थ होते. त्यांच्या पुढाकाराने नेमलेल्या वित्तविषयक समितीपुढे १८७३ मध्ये दादाभाईंनी साक्ष दिली आणि आपले टिपण सादर केले. समितीने ते अहवालाबरोबर छापले नाही. त्यानंतर बडोद्याचे दिवाण म्हणून मल्हारराव गायकवाडांच्या दरबारात त्यांनी जेमतेम वर्षभर काढले. इंग्रज रेसिडेंटचा विरोध आणि महाराजांची चंचल वृत्ती यांच्या कात्रीत सापडून १८७५ च्या आरंभी ते बाहेर पडले. १८७६ मध्ये मुंबईत त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपला विस्तृत निबंध वाचला. त्याच वर्षी दख्खनात पाऊस पडला नाही. आदल्या वर्षी पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. आता त्यांच्या घरात धान्याचा कण नव्हता. १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवून राणी व्हिक्टोरियाला सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, तेव्हा सोलापूर, विजापूर आणि मद्रास इलाखा दुष्काळात होरपळत होता. दादाभाईंच्या निबंधाला यापेक्षा भयंकर पुरवणी कोण जोडणार?

सरकारनेही मग आकडे काढले. १८८२ मध्ये वित्तमंत्री एव्हलिन बेअरिंग यांनी माणशी उत्पन्न २७ रुपये असल्याचे सांगितले. दादाभाईंनी त्या हिशेबाचा तपशील मागितला. तो मिळाला नाही. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झनने तो आकडा ३० रुपयांवर नेला. वीस असो की तीस, दिवसाला आण्या-दीड आण्याच्या आसपास घोटाळणाऱ्या या उत्पन्नाविषयी वाद घालताना राज्यकर्त्यांनी आपल्याच कारभाराची कबुली दिली होती, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

काळा माणूस आणि तीन मते

लंडनमध्ये निबंध वाचून उपयोग नाही, निर्णय होतात त्या सभागृहातच शिरले पाहिजे, या निष्कर्षाप्रत दादाभाई साठीच्या उंबरठ्यावर आले. १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली, त्या सभेला ते हजर होते. पुढल्याच वर्षी होबर्न मतदारसंघातून त्यांनी पार्लमेंटची निवडणूक लढविली आणि ती हरले. वर्षअखेरीस ते कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि नंतर पुन्हा लंडनला जाऊन मतदारसंघ शोधू लागले.

१८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी यांनी एडिंबरोच्या भाषणात या पराभवाचा उल्लेख केला. इंग्रज मतदार एखाद्या काळ्या माणसाला निवडून देतील इतके पुढे गेले आहेत असे आपल्याला वाटत नाही, असा त्याचा आशय होता. या उद्गारावर इंग्लंडभर टीका झाली आणि दादाभाईंचे नाव घराघरांत पोचले. पण या दोघांचे नाते त्याहून जुने होते. सॅलिस्बरी भारतमंत्री असताना १८७५ मध्ये त्यांनीच एका सरकारी टिपणात लिहिले होते की, हिंदुस्थानचे रक्त काढायचेच असेल तर ते जेथे साचले आहे तेथून काढावे, आधीच रक्तहीन झालेल्या शेतकऱ्याच्या अंगातून काढू नये. हे टिपण दादाभाईंनी जपून ठेवले आणि पुढची तीस वर्षे ते राज्यकर्त्यांपुढे नाचविले. अपमानाला त्यांनी अपमानाने उत्तर दिले नाही. प्रतिपक्षाच्या हस्ताक्षरातील कबुलीजबाब त्यांनी पुढे केला.

१८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरी या लंडनमधील कामगार व छोट्या दुकानदारांच्या मतदारसंघातून ते उदारमतवादी पक्षातर्फे अवघ्या तीन मतांनी निवडून आले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारख्या वयोवृद्ध बाईंनी त्यांना पाठिंबा दिला होता. अवेस्तावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली. हाऊस ऑफ कॉमन्समध्ये फिन्सबरीचा हा प्रतिनिधी वस्तुतः वीस-बावीस कोटी मतहीन लोकांच्या वतीने बसला होता. २ जून १८९३ रोजी सनदी नोकरीच्या परीक्षा इंग्लंडप्रमाणेच हिंदुस्थानातही घ्याव्यात, असा हर्बर्ट पॉल यांनी मांडलेला आणि दादाभाईंनी पुरस्कारिलेला ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. सभागृहाने निर्णय दिला आणि सरकारने तो बासनात गुंडाळला. ज्या पार्लमेंटवर दादाभाईंची आयुष्यभराची श्रद्धा होती, त्या पार्लमेंटचा शब्ददेखील हिंदुस्थानच्या बाबतीत पाळला जात नाही, हे त्यांना आता आतून दिसले.

त्याच १८९३ साली त्यांचा डॉक्टर मुलगा अर्देशीर हिंदुस्थानात वारला. बाप तेव्हा लंडनमध्ये होता. वर्षअखेरीस लाहोर काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी ते मायदेशी आले, तेव्हा मुंबईपासून लाहोरपर्यंत स्टेशनास्टेशनांवर लोकांनी त्यांचे अभूतपूर्व स्वागत केले. हारतुऱ्यांच्या त्या गर्दीत हा वृद्ध पिता कोणते दुःख घेऊन चालला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. परदेशातील सार्वजनिक कार्याची किंमत अशी घरात मोजावी लागते.

१८९५ च्या निवडणुकीत दादाभाई पडले. दैवाचा खेळ असा की, त्याच निवडणुकीत मंचेरजी भावनगरी हे दुसरे पारशी गृहस्थ हुजूर पक्षातर्फे निवडून आले, आणि ते काँग्रेसचे कडवे टीकाकार होते. लंडनमध्ये राहणारा प्रत्येक हिंदी माणूस एकच हिंदुस्थान पाहत नव्हता. दूर राहण्याने दृष्टी आपोआप येत नाही. पाहणाऱ्याची बांधिलकी कोणाशी आहे, यावर ती अवलंबून असते.

श्रद्धेचा शेवट

जाण्यापूर्वी दादाभाईंनी हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीची मागणी लावून धरली होती. तीतून वेल्बी आयोग नेमला गेला आणि दादाभाई स्वतः त्याचे सभासद झाले. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले, दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि सुब्रह्मण्य अय्यर यांनी लंडनला येऊन साक्षी दिल्या. त्या वेळी देशात दुष्काळ आणि प्लेग एकाच वेळी थैमान घालीत होते. १९०० मध्ये अहवाल आला. बहुमताने किरकोळ सवलती सुचविल्या. दादाभाई, वेडरबर्न आणि केन या तिघांनी भिन्न मत नोंदविले. त्या वर्षीही देश दुष्काळातच होता.

या आकड्यांच्या लढाईत दादाभाईंची एक मर्यादाही होती, आणि ती पुण्यातून न्यायमूर्ती रानड्यांनी ओळखली होती. संपत्ती बाहेर जाते हे खरे. पण देशात भांडवल, कारखानदारी आणि धंद्याचे ज्ञान नाही हे दुखणेही तितकेच खोल आहे, तेव्हा सारे लक्ष बाहेर जाणाऱ्या खंडणीवरच खिळवू नये, असे रानडे १८९० च्या सुमारास सांगत होते. लंडनमधून गळती दिसे. पुण्यातून रिकामे माजघर दिसे. दोन्ही दृश्ये खरी होती, आणि त्या दोहोंच्या मिलाफातूनच हिंदी अर्थशास्त्र उभे राहिले.

त्याहून मोठी मर्यादा होती ती इंग्रजांच्या न्यायबुद्धीवरील विश्वासाची. सत्य एकदा आकड्यांत मांडले की इंग्रज जनता ते मान्य करील, असे दादाभाईंना चाळीस वर्षे वाटत होते. १९०१ मध्ये त्यांचे लेख, भाषणे आणि पत्रव्यवहार यांचा मोठा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील राज्यकारभार ब्रिटिश परंपरेला शोभणारा नाही, ही तक्रार त्याच्या नावातच होती. त्या तक्रारीत रागाइतकीच आशाही होती. आशा मात्र विरत चालली होती. समाजवादी नेते हिंडमन यांच्याशी त्यांचा जुना स्नेह होता. ऑगस्ट १९०४ मध्ये ॲम्स्टरडॅमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे दादाभाई बोलावयास उभे राहिले, तेव्हा युरोपभरातून आलेले कामगारांचे प्रतिनिधी त्यांच्या सन्मानार्थ उभे राहिले. एके काळचा कापसाचा व्यापारी आता मंत्र्यांची दारे सोडून श्रमिकांच्या दाराशी आला होता. १९०६ मध्ये नॉर्थ लॅंबेथमधून त्यांनी शेवटची निवडणूक लढविली. तीतही ते पडले.

त्याच वर्षअखेरीस कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी तिसऱ्यांदा स्वीकारले. बंगालच्या फाळणीने देश पेटला होता. जहालांना लोकमान्य टिळक अध्यक्ष हवे होते. मवाळांना ते नको होते. ज्यांच्या नावाला कोणीही हरकत घेणार नाही अशी एकच व्यक्ती उरली होती, आणि ती लंडनमध्ये होती. एक्याऐंशी वर्षांच्या दादाभाईंचा आवाज क्षीण झाला होता. त्यांचे भाषण गोखल्यांनी वाचून दाखविले. त्या भाषणात काँग्रेसच्या अध्यक्षपीठावरून स्वराज्य हे ध्येय स्पष्ट शब्दांत मांडले गेले. स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षणाचे ठरावही त्या अधिवेशनात झाले. पुढल्या वर्षी सुरतेस फूट पडली. पण स्वराज्य हा शब्द मागे घेण्याचे धैर्य कोणत्याच पक्षाला झाले नाही.

हा शब्द दादाभाईंच्या मुखात भावनेच्या भरात आला नव्हता. चाळीस वर्षे चाललेल्या गणिताचे ते उत्तर होते. गळती थांबवायची तर नोकऱ्या आपल्या हाती हव्यात; नोकऱ्या हव्या तर कायदे हवेत; कायदे पाळले जावयाचे तर सत्ता हवी. पायरीपायरीने, प्रत्येक पायरीवर अर्ज करून आणि प्रत्येक अर्जाचा नकार नोंदवून घेऊन ते या निष्कर्षाला पोचले होते. १९०७ मध्ये ते कायमचे मायदेशी परतले आणि वर्सोव्याला समुद्रकाठी राहिले. ३० जून १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नातींनी पुढे गांधीजींच्या चळवळीत उडी घेतली.

लंडनजवळील ॲनर्ली पार्कमधील ज्या घरात त्यांनी आपला ग्रंथ सिद्ध केला, त्या घरावर २०२२ मध्ये निळी स्मृतिपट्टिका बसविण्यात आली. मुंबईत पुतळा, लंडनमध्ये पट्टिका. दोन्ही शहरांनी त्यांचा मान राखला, हे योग्यच झाले. परंतु दादाभाईंचा वारसा दगडात नाही. सरकार जेव्हा निर्यातीचे, भरभराटीचे आणि सरासरीचे आकडे जाहीर करते, तेव्हा त्या सरासरीत वजन कोणाला दिले गेले, तपशील कोठे आहे आणि सर्वांत खालच्या माणसाच्या ताटात त्यातले किती पडते, हे विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे, हे त्यांनी शिकविले. तो नागरिक मायदेशी राहतो की परदेशात, हा प्रश्न गौण आहे. परक्या थंडीत दिव्याशी बसून खानदेशातील आणि ओरिसातील रयतेच्या शिध्याचा हिशेब करणारा हा वृद्ध गणिती, ती रयत ज्यांच्या डोळ्यांसमोर मरत होती त्या अधिकाऱ्यांपेक्षा तिच्या कितीतरी जवळ होता.